वीज गेली आणि खालची टाकी काठावरून वाहिली: एका समुद्री मत्स्यालयाचा प्रकरण अभ्यास

एका परिचितांच्या घरातील समुद्री मत्स्यालयाची वीज रात्री सुमारे तीन तास गेली होती, आणि सकाळी मत्स्यालयाखालच्या कपाटाच्या दारातून खारे पाणी खोलीत आलेले दिसले. सांडलेले पाणी १३ लिटरांच्या आसपास होते. मासे सुखरूप होते, मुख्य टाकीतील पाणी नेहमीच्या पातळीवर होते आणि पंप नेहमीसारखा चालू होता. त्यामुळे घरच्यांना प्रथम वाटले की खालच्या टाकीची काच कुठेतरी गळत असावी. काच गळत नव्हती. वीज नसताना वरच्या टाकीतील पाणी, पंपाचे पाणी वर नेणाऱ्या रिटर्न पाइपातून उलट्या दिशेने खाली उतरले होते आणि खालच्या टाकीत त्याला पुरेशी जागा उरली नव्हती.

ही टाकी १४ महिन्यांपूर्वी बसवताना मी सोबत होतो, पंप बंद करून पाणी किती उतरते याची पहिली चाचणीही मीच घेतली होती आणि ती उत्तम झाली होती. त्या चाचणीनंतर काय काय बदलले याचा शोध घेणे म्हणूनच मला माझे कर्तव्य वाटले. ज्यांच्या घरी अशी दुमजली टाकी आहे, त्यांना या तपासणीतील आकडे स्वतःच्या टाकीशी ताडून पाहता यावेत म्हणून ते सविस्तर देत आहे.

मांडणी

मुख्य टाकीची आतील लांबी १२० सेंमी, रुंदी ५० सेंमी आणि उंची ५० सेंमी आहे. म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ६,००० चौरस सेंमीचा झाला आणि पातळी १ सेंमीने उतरली की ६ लिटर पाणी खाली जाते. या प्रकरणात सर्वांत जास्त उपयोगी पडलेला आकडा हाच आहे. मागच्या काचेला बाहेरून ओव्हरफ्लोची पेटी जोडलेली आहे; जास्तीचे पाणी तिच्यातून खालच्या टाकीत उतरते. पंप चालू असताना पाणी पेटीच्या खाचांवरून सुमारे दीड सेंमी उंचीने वाहते आणि मुख्य टाकीतील पातळी तळापासून ४५.५ सेंमीवर राहते.

खालची टाकी, जिला संप म्हणतात, ७५ सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि ३८ सेंमी उंच आहे. ती काठापर्यंत भरली तर ११४ लिटर पाणी मावते, आणि तिच्यात पातळी १ सेंमी चढणे म्हणजे ३ लिटर पाणी वाढणे. तिच्यातील मधल्या काचेमुळे पहिल्या दोन कप्प्यांची पातळी कायम २४ सेंमी राहते. पंपाच्या शेवटच्या कप्प्याची पातळी मात्र बाष्पीभवनाप्रमाणे वरखाली होते, आणि तिथे आपोआप गोडे पाणी भरणारी यंत्रणा ती १८ सेंमीवर राखते. चालू स्थितीत पहिल्या कप्प्यांत ४८ लिटर आणि पंपाच्या कप्प्यात १८ लिटर असे एकूण ६६ लिटर पाणी असते. मोकळी जागा ४८ लिटरांची.

पंपाकडून वर जाणाऱ्या रिटर्न पाइपावर एक झडपेचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्याला उलट वाहू न देणारा व्हॉल्व्ह, होता. पाइप मुख्य टाकीच्या काठावरून आत वळतो. त्या वळणावर, पाण्याच्या पृष्ठभागाखाली १ सेंमीवर, ५ मिमीचे एक छिद्र पाडलेले होते. पुढे लवचीक तोटी होती आणि तिचे तोंड सुरुवातीला पृष्ठभागाखाली ४ सेंमीवर ठेवलेले होते.

पंप थांबला की पाणी दोन वाटांनी खाली येते. पहिली वाट ओव्हरफ्लोची. खाचांवर असलेले दीड सेंमी पाणी, म्हणजे ९ लिटर, उतरते आणि खाचा कोरड्या पडल्यावर ही वाट आपोआप बंद होते. पेटीतील व पाइपांतील सुमारे ५ लिटर आणि प्रोटीन स्किमरच्या (फेसाबरोबर पाण्यातील घाण काढणाऱ्या उपकरणाच्या) नळकांड्यातील सुमारे ३ लिटर त्यात मिळवायचे. स्किमरच्या पाण्याचा हिशेब बहुतेक जण धरत नाहीत. एकूण १७ लिटर झाले. दुसरी वाट रिटर्न पाइपाची. पाण्याने भरलेला पाइप ही शाळेत शिकलेली वक्रनलिकाच असते; तिचे वरचे तोंड पाण्यात बुडालेले आणि खालचे टोक त्याहून कितीतरी खाली, त्यामुळे थांबलेल्या पंपातूनच पाणी उलट वाहू लागते. पंपाची पाती या प्रवाहाला अडवत नाहीत. वरच्या तोंडातून किंवा वाटेतल्या छिद्रातून हवा आत शिरेपर्यंत हा प्रवाह चालूच राहतो. वळणावरचे छिद्र त्यासाठीच असते: पातळी त्याच्याखाली गेली की हवा आत येते आणि पाण्याचा सलग स्तंभ तुटतो.

पहिल्या चाचणीत १७ लिटर पाणी उतरले, खालची पातळी काठापासून १० सेंमीहून अधिक खाली राहिली आणि आम्ही निश्चिंत झालो. छिद्र बुजले आणि व्हॉल्व्हही निकामी झाला तर काय, हा प्रश्नही मी तेव्हा विचारात घेतला होता. तोटी ४ सेंमीवर असल्यामुळे मुख्य टाकीतून जास्तीत जास्त २४ लिटर उतरले असते. पेटी, पाइप आणि स्किमर यांचे ८ लिटर धरून ३२. जागा ४८ लिटरांची होती, म्हणजे त्या अवस्थेतही पाणी सांडले नसते. हा हिशेब बरोबर होता. तो तोटीच्या त्या दिवशीच्या जागेपुरताच खरा आहे, ही गोष्ट मात्र माझ्या वहीत राहिली. टाकीवर कुठेही लिहिली गेली नाही.

त्या रात्रीपर्यंत काय बदलले

पाण्याच्या पृष्ठभागाजवळ वाढवलेल्या एका प्रवाळाला तोटीची धार थेट लागत होती. त्याचे मांस आक्रसू लागल्यावर टाकीच्या मालकांनी काही महिन्यांपूर्वी लवचीक तोटी खाली वाकवली. प्रवाळ सुधारला. तोटीचे तोंड मात्र ४ सेंमीवरून ८ सेंमीवर गेले होते.

वळणावरचे छिद्र पूर्ण बुजलेले होते. ते दिव्याच्या थेट खाली होते, तिथे गुलाबी चुनखडी शेवाळाचा थर बसला होता आणि त्यावर सर्पिल नळ्यांत राहणाऱ्या पांढऱ्या बारीक कृमींनी भर घातली होती. छिद्र उघडे असताना त्यातून निघणारी बारीक धार पृष्ठभागावर एक लहानशी थरथर उठवत असे. ती केव्हा थांबली हे घरात कोणालाच आठवत नव्हते. इतकी सोपी खूण डोळ्यांसमोर होती आणि ती पाहायची असते हे मी त्यांना सांगितले नव्हते, याची मला खंत आहे.

चेक व्हॉल्व्ह उघडून पाहिला तेव्हा त्याच्या झडपेच्या बैठकीवर तशाच चुनखडी नळीचा एक कण अडकलेला आढळला. झडप बंद होत होती, पण पूर्ण बसत नव्हती. गळती किती हे मोजण्यासाठी व्हॉल्व्ह होता तसाच पुन्हा बसवला आणि पंप बंद केला. पहिले १७ लिटर पाणी उतरून गेल्यावर खालची पातळी दर १० मिनिटांनी १ सेंमी चढत राहिली, म्हणजे मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर पाणी उलट येत होते. चाळीस मिनिटांनंतरही वेग कमी झाला नाही, आणि तो होण्याचे कारणही नव्हते. दोन पातळ्यांतील अंतर जवळजवळ तेवढेच राहिले होते.

या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मला या संथ गळतीतच दिसते. या घरात माशांना खाद्य देताना पंप रोज १० मिनिटे बंद ठेवतात. म्हणजे वीज जाण्याची एक छोटी चाचणी रोजच होत होती आणि टाकी ती रोज उत्तीर्ण होत होती. दहा मिनिटांत अवघे ३ लिटर जास्त येत, पातळी १ सेंमीने जास्त चढे, आणि आधीच्या मोठ्या चढावापुढे तेवढा फरक कोणाच्या लक्षात येत नसे. मालकांनी मला प्रामाणिकपणे सांगितले, ‘‘व्हॉल्व्ह आहे आणि पंप रोज बंद होतो, तरी कधी काही झालं नाही, म्हणून शंकाच आली नाही.’’ त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पूर्ण निकामी झालेला व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी उघडा पडला असता; थोडासा गळणारा व्हॉल्व्ह दोष लपवत राहिला आणि खोटा दिलासा देत राहिला.

चौथा बदल त्याच संध्याकाळचा होता. मालक काही दिवसांसाठी बाहेरगावी निघाले होते. रोज सुमारे ३ लिटर बाष्पीभवन होते आणि गोड्या पाण्याची साठवण टाकी १० लिटरांची आहे. घरच्यांवर पाणी भरण्याचा भार पडू नये म्हणून त्यांनी पंपाच्या कप्प्यात हाताने ५ लिटर पाणी घालून पातळी १८ वरून २३ सेंमीवर नेली. मोकळी जागा ४८ वरून ४३ लिटरांवर आली.

आता त्या रात्रीचा हिशेब सरळ मांडता येतो. वीज जाताच १७ लिटर पाणी काही मिनिटांत उतरले आणि २६ लिटरांची जागा उरली. मुख्य टाकीची पातळी खाचांच्या कडेपासून तोटीच्या तोंडापर्यंत आणखी साडेसहा सेंमी उतरायची होती. ते झाले ३९ लिटर. मिनिटाला ३०० मिलिलिटर या वेगाने सुमारे ८७ मिनिटांनी खालची टाकी काठोकाठ भरली आणि १३० मिनिटांच्या आसपास तोटीचे तोंड उघडे पडून प्रवाह थांबेपर्यंत १३ लिटर पाणी बाहेर सांडले. वीज तासाभरात आली असती तर जमीन कोरडी राहिली असती आणि कोणाला काही कळले नसते.

यातील एकेक बदल वेगळा काढून पाहिला. तोटी ४ सेंमीवरच राहिली असती तर ३२ लिटर उतरले असते आणि जागा ४३ लिटरांची होती. पाणी सांडले नसते. छिद्र उघडे असते किंवा झडप नीट बसली असती तर १७ लिटरांवर भागले असते. हाताने घातलेले ५ लिटर पाणी नसते तरी मात्र ८ लिटर सांडलेच असते. घरात पहिला दोष त्या ५ लिटरांना दिला जात होता, कारण ते सर्वांत अलीकडचे होते. आकडे पाहता निर्णायक बदल तोटीचा होता. छिद्र बुजणे आणि व्हॉल्व्ह गळणे या काळाबरोबर होणाऱ्याच गोष्टी आहेत. त्या झाल्या तरी टाकीला सावरून धरणारी गोष्ट म्हणजे तोटीची उंची, आणि तीच हलली होती.

सांडल्यानंतरचे परिणाम

वीज आल्यावर पंपाने सारे पाणी वर नेले आणि पंपाच्या कप्प्यात फक्त १० सेंमी पाणी उरले. आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्रणेला हे बाष्पीभवन वाटले आणि तिने ८ लिटर गोडे पाणी घालून पातळी पुन्हा १८ सेंमीवर आणली. म्हणजे खारे पाणी सांडले आणि त्याची भरपाई गोड्या पाण्याने झाली. सकाळी मोजलेली क्षारता हजारी ३५ वरून साधारण ३३.५ वर आली होती. मीठ एकदम घालण्याऐवजी पुढचे चार दिवस बाष्पीभवनाची भरपाई गोड्या पाण्याऐवजी खाऱ्या पाण्याने केली आणि क्षारता हळूहळू पूर्ववत झाली. पाणी सांडल्यानंतर कप्पा ‘नेहमीच्या पातळीवर’ दिसतो म्हणून कोणी फसू नये. प्रथम क्षारता मोजावी.

काचेचा हीटर पंपाच्या कप्प्यात होता आणि पातळी घसरल्यावर काही वेळ अर्धा उघडा पडला असणार. तापलेल्या काचेवर पाणी चढले की ती तडकू शकते. तो आता पहिल्या कप्प्यात हलवला आहे, कारण तिथली पातळी मधली काच राखते. विजेची पट्टी कपाटाच्या भिंतीवर उंच लावलेली होती आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोका देऊन मग वर नेलेली होती, त्यामुळे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचू शकत नव्हते. पट्टी जमिनीवर पडलेली असती तर हे प्रकरण पाणी पुसण्यावर थांबले नसते. घराच्या विजेच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विचही आहे. अशा टाकीशेजारी तो हवाच.

केलेले बदल

पहिला विचार व्हॉल्व्ह साफ करून परत बसवण्याचा होता. पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये तो रात्रभर ठेवल्यावर चुना विरघळला आणि झडप पुन्हा घट्ट बसू लागली. तरीही तो काढून टाकावा असा सल्ला मी दिला आणि मालकांनी तो मान्य केला. व्हॉल्व्ह ठेवावा असे म्हणणारे अनुभवी लोक आहेत, आणि तो सहज उघडता येईल अशा जोडांमध्ये बसवून दर महिन्याला साफ होणार असेल तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. इथे मात्र माझा आक्षेप त्याच्या गळण्याला कमी आणि लपवण्याला जास्त होता. व्हॉल्व्ह नसलेल्या टाकीत पंप थांबताच जेवढे पाणी उतरायचे तेवढे काही मिनिटांत उतरून जाते. मग खाद्य देण्याची रोजची दहा मिनिटे हीच पूर्ण आणि खरी चाचणी होते. लांबलेल्या रात्री जे होणार तेच रोज संध्याकाळी घरच्यांच्या डोळ्यांसमोर घडते.

दुसरा बदल तोटीचा. लवचीक भाग काढून त्याजागी आखूड, न वाकणारे टोक बसवले आणि त्याच्या तोंडाची खालची कड पृष्ठभागाखाली ३ सेंमीवर पक्की केली. पातळी उतरली की पाइपाचे अख्खे तोंडच उघडे पडते. पाच मिलिमीटरचे छिद्र शेवाळाने बुजते. पाइपाचे रुंद तोंड तसे नकळत बुजत नाही, त्यामुळे वेगळ्या छिद्राची गरज उरली नाही. छिद्र ठेवायचेच असेल तर ते पुरेसे मोठे हवे. मोठ्या पाइपाला बारीक छिद्र असेल तर आत शिरलेली हवा बुडबुड्यांच्या रूपात प्रवाहाबरोबर खाली वाहून जाते आणि स्तंभ तुटायला उशीर लागतो. टाकीच्या खोल भागात पाणी खेळते ठेवण्याचे काम, ज्यासाठी लोक तोटी खाली वाकवतात, ते आतल्या भिंतीवर चिकटवलेल्या स्वतंत्र प्रवाह-पंपाकडे सोपवले. प्रवाळाला धार लागण्याची अडचणही त्यामुळे सुटली.

नव्या मांडणीत मुख्य टाकीतून १८ लिटर आणि बाकीचे ८ लिटर असे एकूण २६ लिटर पाणी उतरते. पंपाचा कप्पा कोणी मधल्या काचेएवढा, म्हणजे २४ सेंमीपर्यंत भरला, तरी ४२ लिटरांची जागा शिल्लक असते आणि पाणी सांडत नाही. एवढी सवलत असूनही कपाटात १८ सेंमीवरच ‘याच्या वर पाणी घालू नये’ अशी रेघ मारली आहे. तिचे कारण वरच्या टाकीत आहे. ओव्हरफ्लोच्या खाचा शेवाळाने किंवा गोगलगाईने अडल्या तर पंप आपल्या कप्प्यातील सारे पाणी वर नेऊन टाकतो. कप्प्यातील १८ लिटर वर गेले तर मुख्य टाकीची पातळी ३ सेंमी चढते आणि काठापर्यंत साडेचार सेंमी जागा आहे. त्यात साठवण टाकीचे १० लिटरही मागोमाग वर गेले तर ती जागा पुरत नाही. म्हणून पाणी भरणाऱ्या छोट्या पंपाला सलग चालण्याची वेळमर्यादा घातली. खालची टाकी वाचवताना वरची धोक्यात येऊ नये, यासाठी दोन्ही हिशेब एकत्रच करावे लागतात.

पंपाला बॅटरीचा आधार द्यावा का, असे मालकांनी विचारले. माशांच्या प्राणवायूसाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जरूर ठेवावा असे मी सांगितले. पाणी उलट येण्यावर मात्र तो उपाय नाही. बॅटरी संपते, प्लग सैल होतो, पंपात शंख अडकतो, सफाईच्या वेळी कोणीतरी बटण बंद करते, आणि या प्रत्येक वेळी तेच पाणी त्याच वाटेने खाली येते.

आठवणीवर विसंबायचे नाही म्हणून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक जाड कागद चिकटवला आहे. त्यावर १ सेंमीला किती लिटर, चालू पातळी, तोटीची खोली आणि पंप थांबल्यावर पाणी कुठवर यायला हवे हे चार आकडे मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत. शेवटी, तोटी हलवली तर हिशेब पुन्हा करावा, अशी एक ओळही आहे.

पंप बंद करून घेतलेल्या शेवटच्या चाचणीत पाणी चार-पाच मिनिटांत उतरून स्थिर झाले. हिशेबाने खालची पातळी ३०.७ सेंमी यायला हवी होती. प्रत्यक्षात ती ३१ सेंमी आली, कारण मधल्या काचा आणि उपकरणे व्यापतात ती जागा मी हिशेबात धरली नव्हती. तिथे दुसरी रेघ मारली. पंप चार तास बंदच ठेवला. चार तासांनंतर पाणी त्याच रेघेवर होते, काठापासून ७ सेंमी खाली.